सिमेंटचा नवस

ज्या चर्चची भिंत मी माझ्या हातानं नासवली, त्याच चर्चमध्ये गेल्या उन्हाळ्यात माझा सत्कार ठरला. कारण काय, तर भिंत इतकी वर्षं टिकवून धरल्याबद्दल. शालही आली होती. ती शाल चर्चच्या सेक्रेटरी गुरुजींना ते शाळेतून रिटायर झाले तेव्हा मिळालेली, हे साऱ्या गावाला माहीत होतं. पण घडी मोडलेली नव्हती, म्हणजे नवीच म्हणायची.

हे चर्च धर्माबादपासून आत, तेलंगणाला खेटून असलेल्या एका खेड्यात आहे. इथली माणसं बोलणं मराठीत सुरू करतात आणि राग आला की तेलुगूत संपवतात. मी किल्लारीकडचा. नकाशात मराठवाडा सगळा एकच दिसतो, पण माझ्या गावाहून इथं यायला तीन एसट्या बदलाव्या लागतात, आणि तिसरीतून उतरेपर्यंत भाजीची चव, बैलाच्या शिंगांचा रंग आणि शिव्या, सगळं बदललेलं असतं. सातवीत शाळा सोडली, हातात थापी धरली आणि एका ठेकेदाराच्या मागं मागं इथवर आलो. ठेकेदार पुढं निघून गेला, मी मागं राहिलो. कारण मला कावीळ झाली होती. हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळा झालो होतो, फक्त वऱ्हाड नव्हतं.

इथल्या पाद्र्यांना पाळकसाहेब म्हणतात, आणि त्यांच्या बायकोला सारं गाव अम्मा म्हणतं. तिनं मला बसस्टँडवरून उचलून चर्चच्या मागच्या खोलीत आणून टाकलं. पाळकसाहेब उपासनेआधी आपला पांढरा झगा घालतात ती खोली. माझ्या गळ्यात लिंग. आम्ही लिंगायत. शुद्धीवर आलो तेव्हा पहिल्यांदा मी गळाच चाचपला. ते अम्माच्या लक्षात आलं.

"तुझा देव तुझ्या गळ्यात राहू दे," ती म्हणाली. "माझी पेज तेवढी गळ्याखाली जाऊ दे."

तीन आठवडे पेज, ताक आणि मुळ्याचा पाला. माझ्या सख्ख्या मावशीनंही इतकं केलं नसतं, आणि केलं असतं तर जन्मभर ऐकवलं असतं. अम्मानं आजवर एकदाही ऐकवलेलं नाही. त्यामुळं मला त्याची परतफेड कशी करावी हेच कळेना, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

कारण त्या खोलीत मला काविळीपेक्षा भिंतीची भीती जास्त होती. दोन हात जाडीची, खाली काळा दगड आणि वर विटा. मी तिसरीत असताना भूकंप झाला. आमचं घर दगड-मातीचं होतं, आणि आजोबा ज्या भिंतीला पाठ टेकून रोज तंबाखू मळायचे, त्याच भिंतीखाली गेले. पुढं आम्हाला पत्र्याचं शेड मिळालं, मग सिमेंटचं घर. आमच्या गावात त्या वर्षी कुणी देव बदलला नाही, पण सिमेंटला हात जोडायला मात्र सगळे शिकले. लग्न जमवताना पोरीचा बाप आधी भिंतीवर बोटाची टिचकी मारून बघायचा. मग मुलगा.

तर मी त्या खोलीत अंथरुणावर पडून, छताकडं बघत नवस बोललो: इथून उठून चालायला लागलो, तर तुझ्या घराला सिमेंटचं प्लास्टर करीन. माझ्या डोक्यात देवाला देण्यासारखं त्यापेक्षा मोठं काही नव्हतं. कुणी सोन्याचा मुकुट बोलतो, कुणी पायी येईन म्हणतो. मी सिमेंट बोललो.

उठलो. चालायला लागलो. आणि दुर्दैवानं, बोललेलं पाळणारा माणूस निघालो.

आता हे चर्च होतं कसं ते सांगायला पाहिजे, कारण ते तसं होतं हे बघणारा मीच शेवटचा गवंडी. बांधलं कुणी, यावर गावात जितकी तोंडं तितके इतिहास. कुणी म्हणतं दुष्काळात एका गोऱ्या पाद्र्यानं धान्य वाटून बांधून घेतलं. कुणी म्हणतं गोरा फक्त घोड्यावरून येऊन नकाशा देऊन गेला, आणि परत आला तेव्हा नकाशा त्याला ओळखू आला नाही. मला दुसरं पटतं. कारण बांधणारे हात इथलेच होते, हे दगड ओरडून सांगतो. ज्यांनी आदल्या वर्षी दर्गा बांधला त्यांनी खिडक्यांना टोकदार कमानी दिल्या. ज्यांनी महादेवाचं देऊळ दुरुस्त केलं होतं त्यांनी पडवीच्या खांबांवर आठ पाकळ्यांची कमळं कोरली. आणि ज्यांनी आयुष्यभर फक्त घरं बांधली होती, त्यांनी भिंतीत सवयीनं देवळ्या सोडल्या, दिवा ठेवायला, आपल्या घरात असतात तशा, दर चार हातांवर एक. दार पूर्वेला. गोऱ्याच्या नकाशात ते पश्चिमेला होतं म्हणतात. पण पूर्व सोडून देवाचं दार काढायला गवंडी तयार झाले नसणार, आणि गोऱ्याला रोज घोड्यावरून यायला जमलं नसणार.

एकदा शहरातून एक प्राध्यापक आले. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोपी. त्यांनी कमानींकडं बघून सांगितलं, "गॉथिक आहे." सेक्रेटरी गुरुजींना ऐकू आलं 'गोठिक'. संध्याकाळपर्यंत गावात पसरलं, की साहेब तपासून गेले, आधी इथं गोठा होता. नवल म्हणजे दोनच दिवसांत दोन म्हाताऱ्यांना तो गोठा आठवायलाही लागला. एकाला तर त्यात बांधलेली देवणीची बैलजोडी आठवली, रंगासकट. बैल खरंच होते, पण ते चर्चमागं अजून पडून असलेल्या चुन्याच्या घाणीला जुंपलेले. दगडी चाक गोल फिरवून चुना मळायचे. सगळी भिंत त्या चुन्यावर उभी. चुना, वाळू, गूळ, बेलफळाचं पाणी. सिमेंटचा एक कण नाही.

तो कण मी आणला. एक कण नाही, पोतीच.

दक्षिणेची आख्खी भिंत मी आतून-बाहेरून सिमेंटनं लिंपली. देवळ्या दिसल्या, तर मला वाटलं एवढी भोकं भिंतीत असली तर ती उभी राहील कशी. म्हणून त्या विटांनी बुजवून सपाट केल्या. ओळंबा लावून बघितलं. भिंत अशी सरळ आणि गुळगुळीत झाली की पाळकसाहेबांनी हात फिरवून बघितलं, आणि अम्मानं साखर वाटली. मंडळीतल्या बायका पदर सावरून त्या भिंतीसमोर फोटो काढायला लागल्या. मला तिथंच राहून डागडुजी बघायला सांगितलं. परक्या मुलखात मला घर मिळालं. खोली आत होती, पण मी झोपायचो बाहेर पडवीच्या पुढं, पत्र्याच्या छपरीत. गरम होतं म्हणून, असं सांगायचो. थंडीतही गरमच होत होतं मला.

दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला घाम सुटला. तिसऱ्यात खालून वर लोणा चढला, पांढरा, फुगलेला, मिठासारखा. मी घासला, वर पुट्टी मारली, नाताळला रंग दिला. पुढच्या वर्षी पुन्हा. दर नाताळला मी त्या भिंतीला असा रंग लावायचो, की चर्चमध्ये येणाऱ्याला वाटावं, काय माणूस आहे, केवढी सेवा! सेवा कसली, पोरगी बघायला पाहुणे यायच्या आधी चेहऱ्यावरचे डाग झाकतात तसला प्रकार.

मग एकदा दोन महिने एका जुन्या गढीच्या कामावर गेलो. तिथं चुन्यात काम करणारा एक म्हातारा गवंडी होता. गप्पांत मी फुशारकीनं माझ्या भिंतीबद्दल सांगितलं. तो इतका हसला की त्याच्या तोंडातलं पान खाली पडलं.

"चुन्याच्या भिंतीवर सिमेंट? अरे, भिंत पाणी पिते आणि वाऱ्याला सोडून देते. तू तिचं तोंड बांधलंस. आता पिऊन पिऊन आतच सडंल ती. बापाला नायलॉनचा स्वेटर घालून उन्हात बसवला का कधी?"

परत आलो, हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकून बघितली. दगडावर ठोकलं तर खणखणीत वाजावं. ती बदबद वाजली, पिकलेल्या टरबुजासारखी. त्या दिवसापासून मला सगळं माहीत होतं. आणि मी काय केलं? मी रंगाचा डबा आणला. त्या वर्षी जरा भारीतला.

भेगा पडल्या तेव्हा मी पेन्सिलनं त्यांच्या टोकाला खुणा करून ठेवायला लागलो. रोज सकाळी आधी भेग बघायची, मग तोंड धुवायचं. गावातून ट्रॅक्टर गेला तरी उठून उभा राहायचो. पण बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी मला काढलं असतं, असं मला वाटायचं, आणि इथून काढलं की मला जायला फक्त एसटी स्टँड होता.

गेल्या वर्षी खिडकीच्या वर एक भेग चांगली करंगळीएवढी झाली. गुरुजींनी इंजिनियर बोलावला. तो चारचाकीतून उतरला, भिंतीवर पेन आपटलं, आणि चहा गार व्हायच्या आत निकाल दिला.

"फाउंडेशन सेटलमेंट."

"म्हणजे?" गुरुजी.

"पाया खचलाय. पाडा. आरसीसी हॉल बांधा."

आठ दिवसांत त्यानं नव्या हॉलचं रंगीत चित्र पाठवलं. त्या चित्रात चर्चसमोर फुटपाथ होता, फुटपाथवर पर्स घेतलेली एक गोरी बाई चालत होती, आणि एक लाल मोटार उभी होती. आमच्या गावात फुटपाथ नाही, लाल मोटार नाही, आणि ती बाई कुणाची पाहुणी हे अजून कळलेलं नाही. पण गुरुजी भारावले. "लग्नकार्यालाही होईल," ते म्हणाले. ठरावाचा रविवार ठरला. जुन्या वास्तूचा निरोप समारंभही त्यातच. मोठा फ्लेक्स छापून आला. वर 'गोठिक शैलीतील ऐतिहासिक वास्तू', मध्ये नवा हॉल, पर्सवाली बाई, आणि कोपऱ्यात माझा फोटो. पासपोर्ट फोटोवर कंप्युटरनं शाल चढवलेली, आणि खाली, 'यांच्या सिमेंट सेवेने वास्तूचे आयुष्य वाढले.'

फ्लेक्स बांधायची दोरी मीच धरली होती. माझा फोटो वाऱ्यावर हलत होता आणि माझ्याकडं बघून हसत होता. मला त्याचा जो राग आला, तो मी आजवर दुसऱ्या कुणावर केलेला नाही.

रविवारी उपासना झाली. सतरंजीवर एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. पाळकसाहेब खुर्चीत. आता त्यांना उभं राहवत नाही फार वेळ. गुरुजी शाल घेऊन उठले.

"ज्या हातांनी ही वास्तू सावरली, त्या हातांना..."

"गुरुजी," मी म्हणालो, "शाल जरा थांबवा."

"का? गरम होतंय का?"

मंडळी हसली. मला घाम फुटलेलाच होता, त्यामुळं ते तसं खरंही होतं.

"पाया खचला न्हाई. माझं प्लास्टर खचलंय."

"विनय!" गुरुजींनी मंडळीकडं वळून सांगितलं. "याला विनय म्हणतात. लेकरांनो, शिका."

"विनय न्हाई गुरुजी, सिमेंट हाय," मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं. नवस, देवळ्या, लोणा, म्हातारा गवंडी, रंगाचे डबे. सांगताना नजर सतरंजीवरच्या एका भोकावर होती.

पाळकसाहेबांनी विचारलं, "मेस्त्री, तुला हे कळून किती दिवस झाले?"

"दिवस न्हाई. आठ-नऊ वर्षं."

"आणि बोलला नाहीस."

"न्हाई."

"का?"

"तुम्ही हाकलून द्याल म्हणून."

बायकांच्या बाजूनं अम्माचा आवाज आला. "अय्यो! तुला कावीळ झाली तवा हाकललं न्हाई. आता भिंतीला झाली म्हणून हाकलू?"

मग ती उठली, गुडघ्याला हात लावत. "नवस बोलला होतास म्हणतोस."

"आपल्यात नवस नसतो," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"त्याच्यात असतो," अम्मा म्हणाली. "फेडला होतास ना रे? आता फोड."

मी हातोडी आणि छिन्नी आणली. खालच्या एका भेगेच्या शेजारी पहिला घाव घातला तेव्हा माझ्या मनात एकच होतं: भेग दगडात गेलेली असली तर? म्हातारा चुकला असला तर? चौथ्या घावाला दाराएवढा पापुद्रा सुटला आणि धपकन माझ्या पायाशी पडला. मागं भिंत ओली, काळपट, आजारी माणसाच्या पाठीसारखी. पण सलग. भेग सिमेंटमध्येच संपलेली. बुजवलेल्या देवळीच्या विटा आपोआप निसटल्या, आणि आत कोनाड्याच्या छताला जुन्या दिव्याची काजळी तशीच होती. बायका उठून जवळ आल्या. एकीनं बोट लावलं आणि काळं झालेलं बोट शेजारणीला दाखवलं.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी खिडकीच्या वरचाही पापुद्रा काढला. तिथं चुन्याचा चिखल झाला होता. मनगटापर्यंत हात आत गेला.

"हे बघा!" गुरुजी पुढं झाले. "पाळकसाहेब, हे बघा! आत पोकळ आहे. उद्या लेकरं इथं बसणार."

"तेवढंच हाय ते," मी म्हणालो. "चार विटा बदलायच्या. बाकीची वाळली की धरंल. सगळं सिमेंट मी काढतो, चुना मीच लावतो."

"तू सांगतोस? नऊ वर्षं गप्प बसणारा तू?" गुरुजींनी शाळेत फळ्यापाशी उभ्या पोराला विचारतात तशा आवाजात विचारलं, "एवढा भरवसा असेल, तर तू स्वतः ह्या भिंतीखाली झोपशील का?"

त्यांना माहीत नव्हतं त्यांनी काय विचारलं. अम्माला माहीत होतं. सतरा वर्षं तिनं माझं अंथरूण छपरीत बघितलेलं. ती माझ्याकडं बघत राहिली.

"झोपतो की," मी म्हणालो. "आत्ताच झोपतो."

बाहेर प्रीतिभोजनाच्या पंगती बसल्या. मी सतरंजीचं टोक ओढलं, खिडकीच्या त्या खड्ड्याच्या बरोबर खाली टाकलं, आणि भर दुपारी आडवा झालो. पाय दाराकडं करावेसे वाटत होते. केले नाहीत. पोरं दारातून डोकावून बघायची आणि आपसात कुजबुजायची, "हाय, अजून हाय." गुरुजी ताट हातात घेऊनच दारात उभे, जेवायला बसायला तयार नाहीत, साक्षीदार म्हणून.

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. सगळी भिंत माझ्या पाठीखालच्या फरशीतून हलली असं मला वाटलं. वरून चुन्याचे दोन-चार खडे गालावर पडले. मी सतरंजी मुठीत धरली आणि डोळे मिटलेलेच ठेवले. आजोबांची भिंत आठवली, तिला टेकलेली त्यांची पाठ आठवली. आणि मग ओल्या चुन्याचा वास आला, गार, थोडा गोडसर, उन्हाळ्यात माठाला येतो तसा. उघड्या कोनाड्यातून गारवा येत होता. मी बुजवला होता तो गारवा.

जाग आली ती अम्माच्या हातातल्या ताटाच्या आवाजानं. उन्हं खाली आली होती.

"मेलास का झोपलास?"

"झोपलो."

"घोरून राहिलास कधीचा. गुरुजी कंटाळून जेवले."

ठराव पास झाला नाही. गुरुजींनी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, की विषय पुढील पावसाळ्यानंतर विचारार्थ घ्यावा. शाल घडीसकट परत घरी गेली. ती आता कुणाला मिळते ते बघायचं. इंजिनियरला फोन केला तर तो म्हणाला, माझी जबाबदारी नाही. म्हणजे तेवढी तरी एक गोष्ट आधीसारखीच राहिली.

मी आता रोज माझा नवस छिन्नीनं फोडून राहिलो आहे. लावायला सतरा दिवस लागले होते, काढायला उन्हाळा सरला, अजून बाहेरची बाजू बाकी आहे. झोपायला मागच्या खोलीत आलो. पहिल्या रात्री दार उघडं ठेवलं होतं, आता लोटून घेतो. चर्चमागं खड्डा खणून चुना भिजत घातलाय, आणि त्याच्यात पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून वर तो फ्लेक्स अंथरलाय. पर्सवाली बाई खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर येते, आणि माझा फोटो बरोबर अलीकडच्या, माझ्या हाताशी. चुना ढवळायला गेलो, की आधी स्वतःचं हसरं तोंड उचलून बाजूला ठेवावं लागतं.